हातातली ताटं

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा वीज गेली होती आणि मी पडवीत कंदील लावून बसले होते. पाऊस जुनसवाड्याकडून असा येत होता की तुझं अर्धं बोलणं कौलांवरच सांडलं. एक वाक्य मात्र नीट ऐकू आलं. "ताई, हे माझ्याच्यानं होणारं नाही." मग तू गप्प झालीस आणि मी नुसती "होईल गो, होईल" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. रडणाऱ्या माणसाला "होईल" म्हणणं सोपं. कसं होईल ते सांगायला निवांत बसावं लागतं. म्हणून आज पेज जेवून बसलेय, आणि सगळं सांगूनच उठेन.

तू पाठवलेल्या फायली पाहिल्या. तुझा फोर्थचा इंटरप्रिटर चांगला आहे, बाय. बहीण म्हणून म्हणत नाही. ६८ प्रिमिटिव्ह, म्हणजे मूळ शब्द, सगळे धावतात. पुढे तू ठरवलंस की स्टॅकचे सगळ्यांत वरचे तीन आकडे मेमरीत न ठेवता प्रोसेसरच्या रजिस्टरांत धरायचे. म्हणजे रजिस्टरांत शून्य, एक, दोन किंवा तीन आकडे अशा चार स्थिती आल्या, आणि प्रत्येक प्रिमिटिव्हची चार रूपं. ६८ चोक २७२. त्यातली १०९ तू हातानं लिहिलीस आणि तिथे तुझा धीर सुटला. त्याहून आधी सुटला नाही याचंच मला नवल वाटलं. ते काम माणसाच्या हाताचं नाहीच. तुझी बुद्धी कमी पडली असं तू समजतेस ते साफ चूक आहे.

तुला आठवतं का, मी पहिल्यांदा तुला फोर्थ दाखवलं तेव्हा तू काय म्हणाली होतीस? "हे तर मराठीसारखं आहे!" दोन, तीन, मिळव. आधी वस्तू, शेवटी क्रियापद. फोर्थमध्ये "२ ३ +" लिहायचं ते तसंच: दोन ठेवला, तीन ठेवला, मिळवले. चार्ल्स मूर यांनी ही भाषा १९६० च्या दशकाच्या अखेरीस घडवली. नाव ठेवायचं होतं 'फोर्थ' म्हणजे चौथी, चौथ्या पिढीची. पण आयबीएम ११३० वर फाईलच्या नावाला पाचच अक्षरं चालायची, म्हणून त्या इंग्रजी शब्दातलं एक अक्षर गळालं. १९७१ च्या सुमारास ॲरिझोनातल्या किट पीकची रेडिओ दुर्बीण याच भाषेतून चालायला लागली. एवढ्याशा मेमरीत एवढं मोठं यंत्र.

आपल्या मराठी मुलुखातली फोर्थची गोष्ट तर मला फार जवळची वाटते. २००७ साली रायगडात, कर्जत तालुक्यात, खैराट-धनगरवाडा नावाच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेतले. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी. मुलानं बटण दाबलं की लिनक्स सुरू होण्याआधी त्यात मिच ब्रॅडली यांचं ओपन फर्मवेअर धावायचं, आणि ते फोर्थमध्ये लिहिलेलं होतं. धनगरवाड्यावरची पोरं रोज सकाळी फोर्थ चालवत होती, त्यांना ठाऊकही नसताना. तुझा प्रोजेक्ट जुनापुराणा आहे असं वर्गात कुणी म्हणालं ना, तेव्हा मला ही वाडी आठवली होती.

बरं, आता मुद्द्याकडे. देवळातल्या समाराधनेला आई ताटं पुसायला बसते ते डोळ्यांसमोर आण. शेजारी ताटांची चळत. समज, तिनं वरचं ताट उचललं, पुसलं, परत चळतीवर ठेवलं. मग वाढायला तेच ताट पुन्हा उचललं, वाढलं, पुन्हा चळतीवर ठेवलं. असं कुणी करेल का? पुसलेलं ताट हातातच राहतं आणि वाढप त्याच्यावरच होतं. साधा इंटरप्रिटर मात्र नेमकं तेच करत बसतो. "+" आला की मेमरीतून दोन आकडे उचलायचे, मिळवायचे, उत्तर मेमरीत ठेवायचं. पुढचा शब्द आला की तेच उत्तर पुन्हा उचलायचं. ताट हातात ठेवणं म्हणजेच स्टॅक कॅशिंग. व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठातल्या अँटन एर्टल यांनी १९९५ च्या पीएलडीआय परिषदेत यावर निबंध वाचला, आणि 'जीफोर्थ' या फोर्थ प्रणालीत त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी ते प्रत्यक्षात उतरवलं.

तू फोनवर विचारलंस, "पण यानं खरंच फरक पडतो का?" चल, एकदा मोजूनच बघू. दोन आकड्यांच्या वर्गांची बेरीज घे:

: वर्गबेरीज  डुप * स्वॅप डुप * + ;

(फोर्थमध्ये दोन मोकळ्या जागांच्या मधे जे असेल ते नाव, त्यामुळे जीफोर्थमध्ये आपल्या शब्दाला देवनागरी नावही देता येतं. तू करून बघ, फार बरं वाटतं.)

डुप म्हणजे वरच्या आकड्याची नक्कल, स्वॅप म्हणजे वरच्या दोघांची अदलाबदल. काहीच हातात न ठेवता चालवलंस तर डुपला दोनदा मेमरी लागते, गुणाकाराला तीनदा, स्वॅपला चारदा, पुन्हा डुपला दोन, गुणाकाराला तीन, बेरजेला तीन. एकूण १७. आता वरचा एकच आकडा कायम रजिस्टरात ठेव: एक, एक, दोन, एक, एक, एक. एकूण ७. दोन रजिस्टरं दिलीस, सुरुवातीला त्यातलं एकच भरलेलं धरलंस आणि कुठल्या क्षणी किती भरली आहेत हे कंपायलरनं ध्यानात ठेवलं, तर ३. तीन रजिस्टरं दिलीस तर १. तो एक टाळताच येत नाही, कारण सुरुवातीला खालचा आकडा मेमरीतच होता, तो आणावाच लागणार. हे सगळं कागदावर स्वतः मोजून बघ. माझ्यावर विश्वास ठेवून पुढे जाऊ नकोस.

त्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती तुला आवडणार नाही. सतरावरून सातवर येणं ही सगळ्यांत मोठी उडी. तुझा प्रोजेक्टमधला जोडीदार म्हणाला ना, "वरचा एकच रजिस्टरात ठेव, पुरे झालं"? तो चुकीचं बोलला नव्हता. चार जणांसमोर बोलला, तुझं बोलणं मधेच तोडून बोलला, ते मात्र चुकीचं होतं, आणि त्याबद्दल तू त्याला सरळ सांगायला हवंस. पण त्याच्या बोलण्याच्या रागापायी त्याचा मुद्दा टाकून देऊ नकोस. मी असं पुष्कळदा केलंय, आणि ते माझंच नुकसान होतं.

एक कायम हातात ठेवण्यातही खोट आहे, ती तू त्याला दाखव. ड्रॉप आला की हातातलं ताट टाकायचं आणि लगेच खालचं उचलायचं, कारण हातात एक हवंच असा नियम केलाय. लगेच पुढे नवा आकडा आला की आत्ताच उचललेलं ताट परत चळतीवर. एक फुकटचा हेलपाटा. ड्रॉपनंतर हात रिकामा ठेवायची मुभा असती तर दोन्ही वेळा मेमरीला हात लागला नसता. म्हणून चार स्थिती. तुझी कल्पना बरोबर आहे, ती अमलात आणायची रीत तेवढी बदलायची आहे.

आता त्या २७२ रूपांकडे ये. शाळेत संस्कृतची रूपं चालवायचो ती आठवतात? देवः, देवौ, देवाः. बाईंनी एका 'देव'ची रूपावली पाठ करून घेतली आणि मग राम, वृक्ष, नर यांची आपली आपण चालवली. प्रत्येक नामाचा तक्ता वेगळा पाठ करायला लावला असता तर आपण पहिल्याच महिन्यात तो विषय सोडला असता. प्रिमिटिव्हचं तसंच आहे. बेरीज म्हणजे काय हे एकदाच लिहायचं: दोन आत येतात, एक बाहेर जातो, उत्तर म्हणजे दोघांची बेरीज. बस्स. बाकी रूपं नियमानं चालतात, आणि नियमानं चालणारी गोष्ट प्रोग्रॅमनं लिहायची. जीफोर्थमध्ये असंच आहे. एका फायलीत प्रत्येक शब्दाचं नाव, त्याच्या आत-बाहेरचा हिशेब आणि सी भाषेतली एखाद-दोन ओळींची कृती. त्यातून जनरेटर सगळा सी कोड काढतो. तो जनरेटरही फोर्थमध्येच लिहिलाय. त्याच घराण्यातलं 'व्हीएमजेन' हे साधन कुणालाही आपल्या इंटरप्रिटरसाठी वापरता येतं.

नियम ऐक. रजिस्टरांची नावं अ, ब, क धर. अ नेहमी सगळ्यांत खोल. एकाच्या स्थितीत अ हाच वरचा. दोनच्या स्थितीत वरचा ब. तीनच्या स्थितीत वरचा क. अशी मांडणी केली की तिन्ही भरलेली नसतील तोवर नवा आकडा आल्यावर बाकीच्यांना हलवावं लागत नाही. आता कुठलंही प्रिमिटिव्ह घे. त्याला जितके आकडे हवेत तितके आधी रजिस्टरांतून घे, कमी पडले तर उरलेले मेमरीतून. घेऊन झाल्यावर रजिस्टरांत काही उरले असतील ते मोज, त्यात बाहेर येणारे मिळव. बेरीज तीनपेक्षा जास्त झाली तर सगळ्यांत खोलचे जास्तीचे मेमरीत उतरव. जे उरलं ती नवी स्थिती. स्टॅकचा निर्देशक फक्त उचललेले वजा उतरवलेले, एवढाच हलतो, आणि पुष्कळदा हलतच नाही. बेरजेचं उदाहरण घे: शून्याच्या स्थितीत दोन उचल, उत्तर अ मध्ये. एकच्या स्थितीत एक उचल, उत्तर अ मध्ये. दोनच्या स्थितीत अ म्हणजे अ अधिक ब, मेमरी नाहीच. तीनच्या स्थितीत ब म्हणजे ब अधिक क, आणि अ जिथल्या तिथे. चारही रूपं एकाच वाक्यातून निघाली.

आणि एक नियम मी तुला हात धरून सांगते: जनरेटरनं आत येणारे सगळे आकडे आधी तात्पुरत्या नावांत वाचून घ्यावेत, कृती करावी, आणि मगच काही लिहावं. ती नावं फुकट आहेत, सीचा कंपायलर ती पुसून टाकतो. हे मी कुठं शिकले ते कधी कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते.

माझ्या पहिल्या नोकरीत मीही हातानं लिहायला बसले होते. तुझ्यासारखीच, अभिमानानं. तिन्ही रजिस्टरं भरलेली असताना डुप आला तर अ मेमरीत उतरवायचा, मग अ मध्ये ब, ब मध्ये क. मी ते उलट लिहिलं. आधी ब मध्ये क, मग अ मध्ये ब. तिन्ही रजिस्टरांत एकच आकडा आणि मधला कायमचा गेला. कोड वाचताना डोळ्याला सगळं ठीक दिसतं. तिन्ही भरलेली असताना डुप क्वचितच येतो, त्यामुळे सगळ्या चाचण्या पास. मी तीन आठवडे शोधत होते. आधी कंपायलरला दोष दिला, मग मेमरीला. सहकाऱ्यांसमोर "सापडतंय, सापडतंय" म्हणायचे आणि संध्याकाळी खोलीवर येऊन रडायचे. कुणाला विचारलं असतं तर दुसऱ्या डोळ्यांना ते अर्ध्या तासात दिसलं असतं. विचारलं नाही, कारण मुलगी असून मी इथवर आलेय आणि आता एवढं साधं विचारलं तर काय म्हणतील, असं वाटायचं. तुझ्या कालच्या आवाजात मला तेच ऐकू आलं, बाय. म्हणून मी आज पत्र लिहायला बसले.

आता ज्या जागी पाय घसरतात त्या. पहिली: उड्या. इफच्या दोन वाटा थेनपाशी मिळतात. एका वाटेनं हातात दोन ताटं घेऊन आलीस आणि दुसरीनं शून्य, तर पुढच्या शब्दानं काय समजायचं? म्हणून वाटा मिळतात तिथे, लूपच्या तोंडाशी, दुसऱ्या शब्दाला हाक मारताना आणि परतताना एक ठरलेली स्थिती पाळायची. मी एकची सुचवेन. तिथे पोचताना कमी असेल तर एक उचलायचं, जास्त असतील तर उतरवायचे. ही ये-जा करणारे छोटे तुकडेही जनरेटरनंच लिहावेत. दोन ठरलेल्या जागांमधल्या सरळ पट्ट्यात कुठलं रूप निवडायचं ते कंपायलर ठरवतो. जीफोर्थ त्यासाठी सगळ्यांत कमी खर्चाची वाट शोधतं. तू पहिल्या खेपेला तेवढं करू नकोस. चालू स्थितीचं रूप असेल तर ते घ्यावं, नसेल तर ठरलेल्या स्थितीला यावं, एवढंच.

यातून तुझी बरीच सुटका होते. सगळ्या प्रिमिटिव्हची चारही रूपं लागतच नाहीत. छापणं, फाईल उघडणं असल्या शब्दांना ठरलेल्या स्थितीचं एकच रूप पुरे; ते असेही बाहेरच्या फंक्शनला हाक मारतात, तिथे एक उचल-ठेव कुणाच्या लक्षात येणार? डुप, स्वॅप, ओव्हर, ड्रॉप, बेरीज, वजाबाकी, मेमरीतून वाचणं-लिहिणं, तुलना, अशा वीसेक शब्दांना मात्र सगळी रूपं दे.

दुसरी जागा: डेप्थ, पिक आणि स्टॅकचा पत्ताच मागणारे शब्द. त्यांना स्टॅक मेमरीत जसा आहे तसा बघायचा असतो. त्यांच्याआधी हात रिकामे करायचे, शून्याच्या स्थितीला यायचं. तुझ्या डेप्थचं उत्तर एकनं चुकतंय ते यामुळेच, मी चालवून पाहिलं.

तिसरी, आणि ही कुणी सांगत नाही. ठरलेली स्थिती एकची धरलीस आणि स्टॅक पूर्ण रिकामा असला, तर हातात ताट कुठलं? कुठलंतरी फुटकं, बिनकामाचं. हिशेब बरोबर राहावा म्हणून निर्देशक तळाच्याही एक घर पलीकडे जाऊन बसतो, आणि पहिला खरा आकडा येऊन पुन्हा एकच्या स्थितीला आलं की ते फुटकं ताट तळापलीकडच्या घरात उतरतं. तिथे तुझं दुसरं काही असेल तर ते गेलंच. तळाखाली एक घर मोकळं राखून ठेव.

स्वॅपला कोडच लागू नये म्हणून फक्त नावांची अदलाबदल करायची, असं तू वहीत लिहिलंयस. सुंदर आहे, आणि एर्टलांच्या निबंधात त्याचा विचार आहेही. पण मग कुठल्या रजिस्टरात कितवा आकडा याच्या सगळ्या मांडण्या स्थिती होतात: तीन रजिस्टरांना १ अधिक ३ अधिक ६ अधिक ६, म्हणजे १६. चार रजिस्टरांना ६५. जनरेटर ते लिहीलही, पण तुझ्या प्रोग्रॅमचा आकार फुगेल आणि हाती फार लागणार नाही. ते पान वहीतच ठेव.

आणि सीच्या कंपायलरवर आंधळा विश्वास टाकू नकोस. तू अ, ब, क म्हटलंस म्हणून ते रजिस्टरांतच राहतील असं नाही. जागा कमी पडली की तो गुपचूप त्यांना मेमरीत ठेवतो, आणि सगळी मेहनत पाण्यात. जुन्या ३२ बिटी इंटेलवर आठच रजिस्टरं, तिथे तीन मागणं जडच. ६४ बिटीवर सोळा आहेत, तरीही निघालेला असेंब्ली कोड उघडून डुपची दोनच्या स्थितीतली ओळ डोळ्यांनी बघ. तिथे फक्त एका रजिस्टरातून दुसऱ्यात एवढंच दिसायला हवं. शिवाय तुझ्या इंटरप्रिटरचा बराच वेळ एका शब्दावरून दुसऱ्यावर उडी मारण्यात जातो, तो यानं वाचत नाही. एर्टल आणि डेव्हिड ग्रेग यांनी २००४ मध्ये हे कॅशिंग आणि उड्या वाचवण्याची युक्ती यांची सांगड घातली, ती याच विचारानं. तू फक्त कॅशिंग करते आहेस, तेव्हा अहवालात ते स्पष्ट लिही.

आज काय करायचं ते सांगते. हातानं लिहिलेली १०९ रूपं वेगळ्या फोल्डरमध्ये हलव. पुसू नकोस, ती आपल्याला लागणार आहेत. दहाच शब्दांसाठी जनरेटर लिही, दीड-दोनशे ओळींच्या वर जाऊ नये. शून्याच्या स्थितीतला तुझा जुना इंटरप्रिटर आहे तसा ठेव, तो आपला साक्षीदार. मग वाटेल तशा क्रमानं शब्द जुळवून हजारो छोटे प्रोग्रॅम बनव, दोन्हीकडे चालव, आणि शेवटी स्टॅक जुळतो का बघ. हे झालं की तुझी हातची १०९ रूपं जनरेटरच्या रूपांशी ताडून बघ. माझा अंदाज आहे, दोन-तीन ठिकाणी फरक निघेल आणि चूक हातच्या रूपात असेल. तीच तीन उदाहरणं घेऊन सोमवारी सरांकडे जा, आणि जोडीदारालाही सोबत ने. सतरा, सात, तीन, एक हा तक्ता त्यालाच फळ्यावर मांडायला सांग.

शनिवारी संध्याकाळच्या कदंबाच्या बसनं ये. लॅपटॉपचा चार्जर विसरू नकोस, माझा तुला चालत नाही. आईनं सुंगटांचं हुमण करायचं ठरवलंय आणि सकाळपासून दोनदा विचारून झालंय तू कधी येतेस ते. त्याआधी दोन्ही इंटरप्रिटरांची उत्तरं कुठे जुळली नाहीत, तर तो प्रोग्रॅम तसाच मला पाठव, छोटा करत बसू नकोस. रात्री कितीही वाजता पाठव. वीज नसली तरी फोन भरून ठेवलाय.